आदिवासी किती, आणि कोणाच्या यादीत?

2011 च्या जनगणनेनुसार दिल्लीत एकही आदिवासी नाही. पंजाबात नाही, हरियाणातही नाही. झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशातून आलेल्या, दिल्लीच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या आणि मुलं सांभाळणाऱ्या उरांव, मुंडा, संथाळ मुलींची संख्या मोठी आहे, हे त्या शहरात कोणालाही ठाऊक असतं. तरी अनुसूचित जमातींच्या रकान्यात तिथे शून्य छापलेलं आहे. प्रगणकांनी ती घरं वगळली असं नव्हे. अनुसूचित जमातींची यादी राज्यागणिक वेगळी असते. दिल्ली, पंजाब आणि हरियाणासाठी अशी यादीच काढलेली नाही. माणूस जिथे मोजला जातो तिथल्या यादीत त्याची जमात नसेल, तर तो त्या रकान्यात येत नाही. रांचीत मुंडा म्हणून मोजली गेली असती ती बाई दिल्लीला उतरली की सरकारदरबारी आदिवासी उरत नाही.

भारतात आदिवासी किती, याचं पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: 10 कोटी 43 लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या 8.6 टक्के, आणि 700 हून अधिक जमाती. जगातल्या बहुतेक देशांपेक्षा ही लोकसंख्या मोठी आहे. उत्तर खोटं नाही. पण हा आकडा आला कुठून हे पाहू लागलं की लक्षात येतं, तो जितका माणसांचा आहे तितकाच यादीचाही आहे. यादी कोणी केली, कधी केली, कोणत्या निकषावर केली, यावर तो वर-खाली होतो. माणसं तिथेच असतात.

यादीचा इतिहास इंग्रजी अमदानीतला. 1891 च्या जनगणनेत जे. ए. बेन्स यांनी शेती आणि गुरंराखणीच्या जातींखाली जंगलातल्या जमातींचा एक पोटवर्ग केला. पुढच्या गणनांत त्यांना धर्मावरून ओळखण्याचा प्रयत्न झाला. झाडं, डोंगर, पूर्वज यांची पूजा करणारे ते वेगळे. 1931 मध्ये जे. एच. हटन यांनी धर्म बाजूला ठेवून जमात हाच आधार धरला. दर दहा वर्षांनी व्याख्या बदलली आणि तिच्याबरोबर संख्याही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा वाद आपल्याकडच्या दोन मोठ्या अभ्यासकांत रंगला. मूळचे मालवणचे, मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे गो. स. घुर्ये यांनी 1943 च्या पुस्तकात मांडलं की आदिवासी म्हणजे हिंदू समाजाचाच मागास राहिलेला भाग, वेगळा समाज नव्हे. बैगांमध्ये आणि गोंडांमध्ये राहिलेल्या व्हेरिअर एल्विन यांचा आग्रह होता की सावकार, ठेकेदार आणि जंगलखातं यांच्यापासून या लोकांना वाचवायला हवं. घुर्ये विद्वान होते, पण या प्रश्नावर माझा कौल त्यांना नाही. समाजाचं नातं केवळ देवदेवतांच्या साम्यावरून ठरत नाही. जमीन कोणाच्या नावावर गेली, हेही पाहावं लागतं, आणि त्या बाजूला घुर्ये पुरेसं वळले नाहीत.

संविधान सभेत जयपालसिंह मुंडा उभे राहिले. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार असलेले, ऑक्सफर्डला शिकलेले जयपालसिंह आपल्या लोकांना आदिवासी म्हणूनच ओळखावं, असा आग्रह धरत राहिले. संविधानात ती ओळख आली नाही. आली ती अनुच्छेद 342 खालची अनुसूचित जमात. राष्ट्रपतींनी राज्याच्या राज्यपालांशी सल्लामसलत करून प्रत्येक राज्यासाठी यादी काढायची, आणि एकदा काढली की तिच्यात बदल फक्त संसदेने करायचा. 1950 मध्ये आधीच्या याद्या जुळवून ही यादी निघाली. कोणाला घ्यायचं याचे निकष 1965 मध्ये लोकूर समितीने सांगितले: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपणा. साठ वर्षं झाली, आजही प्रस्ताव याच पाच निकषांवर तपासले जातात. गडचिरोलीतली मुलगी पुण्याच्या वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तेव्हा तिच्या समाजाला संपर्काचा संकोच आहे का, असं विचारणं अपमानकारक आहे. ज्या अन्यायामुळे संरक्षण द्यावं लागलं त्याचा, म्हणजे जमीन आणि जंगल हिरावण्याचा, या पाचांत उल्लेखही नाही.

याद्या राज्यांच्या असल्यामुळे सीमा ओलांडली की माणसाची ओळख बदलते. दिल्ली हे टोकाचं उदाहरण. आसाम त्याहून जुनं आणि जास्त दुखरं. चहामळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि संथाळ परगण्यातून मजूर नेले. त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. झारखंडातले संथाळ, उरांव, मुंडा अनुसूचित जमातीत. त्यांचेच आसामातले भाऊबंद इतर मागासवर्गात. आपल्याकडे बंजारा समाजाचं असंच आहे. तेलंगणात तो अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. लेकीबाळी दिल्याघेतल्या जातात, बोली एक, तांडे एक. 2025 मध्ये जुन्या हैदराबाद संस्थानाच्या गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेशासाठी मराठवाड्यात बंजाऱ्यांचे मोर्चे निघाले, त्याच्या मुळाशी हेच आहे.

महाराष्ट्रात 1971 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची संख्या 29 लाख 54 हजार होती. 1981 मध्ये ती 57 लाख 72 हजार झाली. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. इतकी वाढ जन्मातून होत नसते. झालं होतं असं की 1976 च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठलं. तोवर विदर्भातला गोंड अनुसूचित जमातीचा ठरायला मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांत राहणं भाग होतं. तालुक्याच्या हद्दीपलीकडचा त्याचा सख्खा चुलतभाऊ त्यात मोडत नसे. ही उघड चूक होती आणि ती दुरुस्त झाली हे चांगलंच झालं.

पण त्याच दाराने नामसाधर्म्याचे दावेही आले. नागपूर परिसरातल्या विणकर कोष्ट्यांपैकी अनेकांचं म्हणणं की आम्ही मूळचे बस्तरचे हलबा, पोटासाठी मागावर बसलो. महादेव कोळी आणि इतर कोळी, ठाकूर आडनावाचे वेगवेगळे समाज, यादीतल्या ओरांव-धांगड नोंदीवरून धनगरांची मागणी: प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, प्रत्येकाच्या पाठीशी थोडाफार इतिहास आणि बराच अभाव. 1994 मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखले तपासण्याची पद्धत घालून दिली. 28 नोव्हेंबर 2000 रोजी मिलिंद खटल्यात घटनापीठाने निर्णय दिला की यादी जशी छापली आहे तशीच वाचायची. हलबा-कोष्टी म्हणजेच हलबा, असा अर्थ न्यायालयांनी लावायचा नाही. 2017 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की दावा खोटा ठरला तर नोकरी आणि प्रवेशाचे लाभही जायला हवेत. धनगरांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळल्या. आदिवासी संघटना बोगस आदिवासी म्हणून ज्याविरुद्ध मोर्चे काढतात, ते दुखणं खरं आहे. डोंगरातल्या पोरांसाठी ठेवलेल्या जागा शहरातल्या, दोन पिढ्या शिकलेल्या घरांनी घेतल्या.

तपासणी कशी होते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. अर्जदाराकडे 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे, म्हणजे यादी निघण्याआधीचे, पुरावे मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, फेरफार. जातीच्या रकान्यात काय लिहिलंय, शाई तीच आहे का, खाडाखोड आहे का, हे पाहतात. मग दक्षता पथक घरी येतं. कुलदैवत कोणतं, लग्नात विधी काय, मयत झाल्यावर काय करता, बोलीत नात्यांना काय म्हणता, असं विचारून आप्तभाव तपासतात. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आप्तभावाची चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे; जुन्या कागदांना जास्त वजन द्यावं. न्यायालयाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. शहरात वाढलेल्या मुलाला बोली येत नाही म्हणून त्याची जमात जात नाही. पण कागदाला वजन दिलं की ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, जमीन कधी नावावर नव्हती, तो कातकरी मागे पडतो. शिकलेल्या दावेदाराची फाइल जाड असते, कातकऱ्याची पातळ. सगळ्यात निर्विवाद आदिवासी असलेल्या माणसाला स्वतःला सिद्ध करणं सगळ्यात अवघड जावं, हा या सगळ्या व्यवस्थेचा मला सर्वांत जास्त टोचणारा भाग आहे.

गोव्याचा दाखला उलट्या बाजूचा आणि तितकाच बोलका. 2001 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातीचे लोक होते 566. 2011 मध्ये 1 लाख 49 हजार 275. मधल्या काळात, 2003 मध्ये, गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा यादीत समावेश झाला. भातशेती, कुमेरी आणि धालो-फुगड्यांसह हे लोक पोर्तुगिजांच्याही आधीपासून त्या मातीत आहेत. 566 ची नोंद होत होती तेव्हाही ते होतेच. यादीत आल्यावरही त्यांना हक्कासाठी झगडावं लागलं. मे 2011 मध्ये बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुण जिवाला मुकले. 2012, 2017 आणि 2022 या तिन्ही विधानसभा निवडणुकांत दहा टक्के लोकसंख्येच्या या समाजांसाठी एकही राखीव मतदारसंघ नव्हता.

यादीत शिरण्याची धडपड सगळीकडे आहे आणि ती प्रत्येक वेळी निरुपद्रवी नसते. मणिपुरात मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याच्या शिफारशीबाबत उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि मे 2023 मध्ये राज्य पेटलं. कारणं आणखीही होती, जुनी होती; ठिणगी या प्रश्नाची होती. दुसरीकडे हिमाचलात हाटी आणि जम्मू-काश्मिरात पहाडी समाजाला अलीकडेच संसदेने यादीत घेतलं. कोणाला घेतलं, कधी घेतलं, याचा निवडणुकांशी संबंध नाही असं म्हणायला मी तयार नाही.

यादीच्या पलीकडे गेलं की भाषेच्या बाजूने एक निराळाच देश दिसतो. एकट्या महाराष्ट्रात आदिवासींच्या बोली तीन वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या आहेत. भिली, कातकरी या मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. गोंडी, माडिया, कोलामी तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. आणि मेळघाटातली कोरकू थेट मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीची बहीण आणि आग्नेय आशियातल्या ख्मेर, व्हिएतनामी यांची दूरची नातेवाईक. मुंडा कुळाचं सगळ्यात पश्चिमेचं टोक अमरावती-खंडव्याच्या डोंगरात आहे, हे आपल्या शाळांत कोणी सांगत नाही.

या तिन्ही कुळांत न बसणारी निहाली मेळघाटाच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत ती बोलणारी माणसं जेमतेम दोन-अडीच हजार. तिच्यात कोरकूचे, मराठीचे, द्राविडी शब्द भरपूर आहेत. ते सगळे वेचून बाजूला काढले की उरतो तो मूळ साठा कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. डच अभ्यासक कुइपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भारतात आर्य, द्राविड, मुंडा या सगळ्यांच्या आधीची एखादी भाषा शिल्लक असेल तर ती हीच, असं मानणारे अभ्यासक आहेत. आता निहाल माणसाला सरकारी कागदांत शोधू. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव आहे, पण कोरकू, बोपची, मोवासी यांच्याबरोबर एकाच नोंदीत; त्यामुळे जनगणनेच्या तक्त्यात तो कोरकूंच्या बेरजेत जातो. भाषेच्या तक्त्यात दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा स्वतंत्रपणे छापत नाहीत, म्हणून तिथेही तो नाही. देशातल्या सर्वांत प्राचीन असू शकणाऱ्या भाषेची माणसं दोन्ही तक्त्यांतून, कोणाचाही वाईट हेतू नसताना, गळून पडली आहेत.

2011 मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून 19,569 नावं सांगितली. छाननीनंतर 1,369 मातृभाषा उरल्या आणि त्या 121 भाषांखाली बसवल्या गेल्या. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय लोकभाषा सर्वेक्षणाने याच सुमारास 780 भाषा नोंदवल्या. गोंडांची संख्या एक कोटीवर असताना गोंडी मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आत आहेत. काहींची भाषा खरोखर सुटली. शाळेत तिला जागा नव्हती. संथाळी आणि बोडो 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. एक कोटीहून अधिक लोक बोलतात त्या भिलीला, आणि गोंडीलाही, अजून तिथे स्थान नाही. या भाषा चार-पाच राज्यांत वाटल्या गेल्या आहेत, त्यामुळे कोणत्याच राजधानीला त्या आपल्या वाटत नाहीत.

धर्माच्या रकान्यातही हेच चालतं. तिथे हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन असे सहा पर्याय आणि मग इतर. आदिवासींपैकी दहांतले आठ हिंदू म्हणून नोंदले आहेत, एक ख्रिश्चन. या नोंदींत खऱ्या श्रद्धेचा भाग किती आणि प्रगणकाने न विचारता भरलेला किती, यावर वाद आहे. पण 2011 मध्ये 49 लाखांहून अधिक लोकांनी इतरच्या पुढे आपला धर्म सरना असं आग्रहाने लिहवून घेतलं. त्या वर्षी जैनांची संख्या साडेचव्वेचाळीस लाख होती आणि त्यांना स्वतंत्र रकाना होता. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर 2020 मध्ये सरनासाठी वेगळ्या संकेतांकाचा ठराव एकमताने केला. ती मागणी मला रास्त वाटते. ज्याला हिंदू म्हणवून घ्यायचं आहे त्याने ते जरूर लिहावं; ज्याला नाही, त्याने स्वतःचं नाव इतरांच्या ढिगात का टाकावं?

मूळचे कोण, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतोय, कारण तो वाटतो तितका उपयोगी नाही. भारत सरकारने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण स्वतंत्र भारतातले सगळेच लोक मूलनिवासी आहेत, ही भूमिका कायम ठेवून. जनुकशास्त्राने 2009 पासून दाखवून दिलं आहे की मुख्य भूमीवरचे जवळपास सगळे समाज कमीअधिक प्रमाणात मिश्र आहेत. 2019 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढीच्या सांगाड्यातल्या जनुकांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, त्यावरूनही शुद्ध वंशाची कल्पना टिकत नाही. मुंडा भाषिकांच्या पितृवंशाचा एक धागा तर आग्नेय आशियातून आलेला दिसतो. म्हणजे आधी आलेले आणि मागून आलेले अशी सरळ रेघ ओढता येत नाही. आदिवासींचा दावा त्या रेघेवर उभा नाहीच. ज्यांनी जंगल राखलं, त्यांना 1878 च्या वनकायद्याने स्वतःच्याच जंगलात अतिक्रमणदार ठरवलं. त्यांचा दावा या घडलेल्या गोष्टीवर उभा आहे आणि त्याला जनुकांचा पुरावा लागत नाही.

अंदमानचा विषय स्वतंत्र लेखाचा. 2011 मध्ये ओंगी 101, ग्रेट अंदमानी 44. उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांसमोर 15 हा आकडा आहे. तो लांबून दिसलेल्या माणसांचा. तिथे आपण मोजायला न जाणं हेच त्यांच्या जिवाच्या हिताचं.

बाकी देशात मात्र नीट मोजणं गरजेचं आहे, आणि त्याची वेळ आली आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 आहे. यावेळी सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे आणि नोंद मोबाइलवर होणार आहे. माझ्या मते लाभ कोणाला द्यायचे हा प्रश्न आणि कोण आहे हा प्रश्न यांची गाठ इथे सोडवता येईल. लाभासाठी राज्याची यादी राहू द्या. पण माणूस दिल्लीत असो की दिब्रुगडला, तो स्वतःची जमात, भाषा, धर्म जे सांगेल ते तसंच टिपावं आणि तसंच छापावं. निहालाला कोरकूत आणि सरनाला इतरांत मिसळू नये. मणिपूर किंवा धनगर-आदिवासी वादावर हा उतारा नव्हे. पण ज्या माहितीवर हे वाद लढले जातात ती तरी सगळ्यांसमोर एकसारखी येईल.

आणखी एक साधी गोष्ट. 2011 ची मुख्य गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. 2027 चीही फेब्रुवारीतच होईल. रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी वाड्या त्या महिन्यात निम्म्या ओस असतात. घरं उचल घेऊन दिवाळीच्या पुढेमागे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक, 2011 मध्ये सुमारे 2 लाख 85 हजार. वाडीवर प्रगणक गेला तर त्याला कुडाच्या बंद दारावर ताटी लावलेली दिसेल आणि एखादी म्हातारी. भट्टीवरच्या पालांकडे जाणं ज्याच्या हद्दीत येतं, तो प्रगणक त्यांना त्या गावचं धरत नाही. भट्टीसाठी मातीचं स्वामित्वधन तहसील कार्यालयात भरावं लागतं, म्हणजे परवाना असलेल्या भट्ट्यांची यादी तिथे तयार असते. प्रत्येक तहसीलदाराने जानेवारीतच ती यादी काढून भट्टीगणिक प्रगणक नेमावा, आणि त्याच्याबरोबर त्यांची बोली समजणारा एक कातकरी तरुण द्यावा.